रीफ टँक सुरू करताय? आधी पाणी, थंडावा आणि वीज बघा, एलईडी सगळ्यात शेवटी

महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, दादा रीफ टँक चालू करायचाय, एलईडी कुठली घेऊ? रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा टँक. मी दरवेळी त्यांनाच उलट विचारतो, तुमच्या घरात मे महिन्यात दुपारी तीन वाजता किती टेंपरेचर असतं, आणि लाईट गेली की किती वेळ जाते? कारण यूट्यूबवर बघून जी लिस्ट आपण बनवतो ती थंड देशातल्या लोकांची असते, त्यांच्याकडे हीटर पहिल्या नंबरवर आणि चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, "लागला तर बघू" मध्ये. आपल्याकडे बरोबर उलटं. मी डोंबिवलीत दोन फुटी टँक सांभाळतो आणि आजपर्यंत जे काही मेलं ते एलईडी कमी पडली म्हणून कधीच मेलं नाही, मेलं ते गरम पाण्याने, खारटपणा वरखाली झाल्याने आणि एकदा वीज गेल्यामुळे. म्हणून सामान कसं निवडायचं आणि कुठल्या क्रमाने घ्यायचं ते सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल पण पैसे वाचतील आणि जीवही वाचतील.

पण सामानाच्या आधी एक गोष्ट नक्की करा, टँकमध्ये ठेवणार काय. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि २००१ पासून दगडी सांगाडा बनवणारे सगळे कोरल त्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, सी फॅन, काळं प्रवाळ, फायर कोरल पण त्यात, समुद्री घोडे पण. शेड्यूल १ म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती यादी, त्यामुळे दुकानदार "सगळे ठेवतात, काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नका. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात आणि वाळूत पांढरा तुकडा दिसला तर तोही तिथेच राहू द्या, तिथला रीफ १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे आणि आधीच गरम पाण्याचा मार खातोय. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया बसलेला दगड) म्हणजे पण जुन्या कोरलचे सांगाडेच, त्यामुळे रॉक सिरॅमिकचा किंवा सिमेंटमध्ये बनवलेला घ्या, बॅक्टेरिया त्याच्यावरही मस्त बसतात, फक्त वेळ जास्त लागतो. नवीन माणसाने झोअँथिड, मशरूम, लेदर असल्या मऊ कोरलवर सुरुवात करावी आणि त्याही फार्ममध्ये वाढवलेल्या, बिल आणि कागदपत्रं देणाऱ्या माणसाकडूनच घ्याव्यात. मासे म्हणाल तर हॅचरीत पैदास केलेली क्लाउनफिशची जोडी, आपल्याकडे सीएमएफआरआय या सरकारी सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय. याचा सामानाशी संबंध काय, तर मऊ कोरलला कमी उजेड आणि मध्यम प्रवाह पुरतो, म्हणजे एलईडीचं बजेट निम्म्यावर येतं. ते वाचलेले पैसे चिलरमध्ये घाला.

आता टँक. छोटा टँक सोपा असं वाटतं पण ते खरं नाही, पाणी जितकं कमी तितकी प्रत्येक चूक लवकर महागात पडते. २४ इंच लांब, १८ रुंद, १८ उंच हा साईज मला नवीन माणसासाठी सगळ्यात बरा वाटतो, साधारण १२० लिटर. रुंदी १८ हवीच, काचवाला १२ रुंदीचा रेडी टँक गळ्यात मारायला बघतो पण त्यात रॉक लावला की पाणी फिरायला जागाच उरत नाही. काच १० एमएम सांगा, सिलिकॉनचा जोड आतून बोट फिरवून बघा, कुठे बुडबुडा किंवा तुटलेली रेघ नको. पाणी, काच, रॉक, वाळू, खालचा संप (कपाटातला दुसरा छोटा टँक), स्टँड सगळं धरून अडीचशे किलोच्या घरात वजन जातं, म्हणून टँक भिंतीलगत बीमच्या जवळ ठेवा, गॅलरीत नको. स्टँड एमडीएफचा अजिबात नको, खारं पाणी एकदा झिरपलं की एमडीएफ पावासारखा फुगतो. लोखंडी अँगल, चांगलं पावडर कोटिंग आणि वर मरीन प्लाय, टँकच्या खाली फोमची शीट. स्टँड पाणसळीने लेव्हलला आहे का ते रिकामा असतानाच बघून घ्या.

पाणी. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलतो कारण याच्यावरच सगळे सगळ्यात कमी खर्च करतात. नळाचं पाणी नको, टँकरचं तर नकोच, आणि घरातला पिण्याचा आरओ पण चालत नाही कारण तो चवीसाठी मिनरल परत मिसळतो, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा, ५०-८० दाखवेल. रीफला शून्य हवं. आरओडीआय युनिट घ्या, त्यात गाळाचा फिल्टर, कार्बन, मग मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन एवढं असतं. कार्बन स्वस्तातला घालू नका, पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन कार्बनने अडवलं नाही तर ते मेम्ब्रेन खातं. आणि बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी डोक्यावरच असल्याने नळाला प्रेशर नसतं, मेम्ब्रेनला साधारण ६० पीएसआय लागतं, म्हणजे बूस्टर पंप हवाच, नाहीतर रात्रभर लावून सकाळी जेमतेम अर्धी बादली पाणी. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं, ते ड्रममध्ये धरून फरशी पुसायला, संडासात वापरा, आमच्याकडे त्यासाठी वेगळा ड्रमच आहे.

मीठ रीफचंच घ्या, साधं खडेमीठ किंवा आयोडीनचं मीठ नाही. अंदाजे ३८ ग्रॅम प्रति लिटर घातलं की ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) येतं, प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं, पाकिटावर बघा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर महिन्याला दोन किलोच्या आसपास मीठ लागतं. मोठी बकेट स्वस्त पडते पण पावसाळ्याआधी उघडू नका, आपल्या हवेत एक महिन्यात तिचा दगड होतो, घेतलीच तर घट्ट झाकणाच्या दोन-तीन डब्यांत भरून ठेवा. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर नको, त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला की रीडिंग बदलतं आणि आपल्याला कळत पण नाही. रिफ्रॅक्टोमीटर सेट करताना साध्या पाण्याने शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशनचं पाणी मिळतं, छोटी बाटली असते, त्यानेच सेट करा कारण आपल्याला मोजायचं तिथेच आहे.

थंडावा. रीफला २५-२६ डिग्री हवं. आमच्या हॉलमध्ये मे मध्ये ३३ असतं, त्यात पंप आणि एलईडीची उष्णता, म्हणजे चिलर नसेल तर पाणी सहज ३२ च्या वर. त्या टेंपरेचरला कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, जे समुद्रात होतंय तेच आपल्या हॉलमध्ये. १२० लिटरला कागदावर एक दशांश एचपीचा चिलर पुरतो, मी मात्र एक साईज मोठा घ्या म्हणेन, छोटा चिलर उन्हाळ्यात दिवसभर थांबतच नाही आणि दोन वर्षांत कॉम्प्रेसर बसतो. चिलर स्टँडच्या कपाटात कोंबू नका, तो मागून गरम हवा फेकतो आणि तीच परत ओढतो, मग बिल वाढतं आणि पाणी थंड होत नाही. मोकळ्यावर ठेवा, जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा.

पंखा लावून चालेल का, हे पण खूप जण विचारतात. पुण्यात माझा मावसभाऊ पंख्यावर चालवतो आणि त्याचं चालतं, तिथे मार्च-एप्रिलची कोरडी हवा, पाणी उडतं आणि तीन-चार डिग्री उतरतं. मुंबई-ठाणे-कोकणात हवाच ओली, पंखा एखाद-दोन डिग्री देतो, जून उजाडला की तेवढं पण नाही. म्हणजे पंखा हा गावावर अवलंबून आहे. हीटरचं पण तसंच, मुंबईकरांनी सोडून द्या, पण नाशिक, पुणे, नागपूरवाल्यांना डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लागतो, १०० वॉटचा पुरे, फक्त वेगळ्या टेंपरेचर कंट्रोलरवर लावा कारण हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला की सकाळी उकडलेले मासे दिसतात.

आता संप आणि वीज, इथे मी थांबून बोलणार आहे कारण इथेच माझं नुकसान झालंय आणि दुसऱ्याचंही. संप म्हणजे खालच्या कपाटातला दुसरा छोटा टँक, त्यात स्किमर (पाण्यातली घाण काढणारं यंत्र, पुढे सांगतो), रिटर्न पंप सगळं लपतं आणि पाणी पण वाढतं. वरून पाणी ओव्हरफ्लोने खाली येतं, पंप परत वर ढकलतो. लाईट गेली की पंप बंद, पण रिटर्नच्या पाईपचं तोंड जर पाण्यात बुडालेलं असेल तर तोच पाईप उलटा ओढायला लागतो, सायफन. माझ्या पहिल्या टँकला रिटर्नचं तोंड पाण्याखाली आठ सेंटीमीटर होतं. ६० बाय ४५ चा पृष्ठभाग, आठ सेंटीमीटर, हिशोब करा, साडेएकवीस लिटर. संपमध्ये मोकळी जागा जेमतेम चौदा लिटरची. आम्ही गणपतीला गावी गेलेलो, लाईट गेली, सात-आठ लिटर खारं पाणी हॉलमध्ये, तिथून टाइल्सच्या सांध्यातून खालच्या काकूंच्या छतात. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं छत परत रंगवून देईपर्यंत मला जिन्यात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आणि एवढ्यावर थांबलं नाही, लाईट परत आली तेव्हा संपात पाणी कमी, पंप कोरडा फिरला आणि जळला, दोन दिवस पाणी फिरलंच नाही.

यावर उपाय वीस मिनिटांचा आहे. रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली, एक-दोन सेंटीमीटरवर ठेवा. आणि पाईपला पाण्याच्या रेषेच्या जरासं खाली ४ एमएमच्या ड्रिल बिटने एक भोक पाडा, चालू असताना त्यातून बारीक धार येते तिचं तोंड आत टँककडे करा. लाईट गेली, पातळी थोडी उतरली की त्या भोकातून हवा शिरते, गुळ्ळ असा आवाज येतो आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर आठवड्याला काच पुसताना त्यात टूथपिक घालायची. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावून निश्चिंत होऊ नका, मीठ किंवा छोटी गोगलगाय अडकली की तो नीट बंद होत नाही. आणि संप घेताना दुकानदाराला लिटर विचारू नका, पंप बंद केल्यावर किती पाणी खाली येतं ते साध्या पाण्यावर घरी बघा, मग चालू असतानाची संपची पातळी मार्करने आखा, त्या रेषेच्या वर कधीच भरायचं नाही.

वीज गेल्यावरची दुसरी गोष्ट ऑक्सिजन. पाणी हललं नाही की काही तासांत मासे वर येऊन धापा टाकायला लागतात, भरलेल्या टँकमध्ये तर लवकरच. पहिल्या दिवसापासून बॅटरीवरचा एअर पंप ठेवा जो लाईट गेली की आपोआप चालू होतो, हा अख्ख्या लिस्टमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जीव वाचवणारा आयटम. घरात इन्व्हर्टर असेल तर एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) त्याच्या लाईनवर टाका, चिलर टाकू नका, बॅटरी लवकर झोपेल. इन्व्हर्टर साईन वेव्हचा आहे ना ते बघा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घुरघुरतात आणि तापतात. डीसी वेव्हमेकर घेतलात तर हा प्रश्नच कमी होतो.

वेव्हमेकर दोन छोटे घ्या, एक मोठा नको. मऊ कोरलला टँकच्या पाण्याच्या ताशी १०-२० पट प्रवाह ठीक, म्हणजे आपल्या साईजला दोन मिळून दोन-अडीच हजार लिटर प्रति तास. समोरासमोर तिरके लावा, धार थेट कोरलवर नको, काचेवर आपटून वळली पाहिजे. प्रवाह बरोबर आहे की नाही ते आकड्यावरून नाही, मशरूमच्या कडा हलक्या डुलतायत का आणि रॉकच्या मागे घाण साचत नाही ना यावरून ठरवा.

स्किमर. हा बारीक बुडबुड्यांनी पाण्यातली प्रथिनं फेस करून वरच्या कपात काढतो, कुजायच्या आधीच. पहिल्यांदा कप भरतो तेव्हा आत काळ्या चहासारखं, वासाने नाक फिरवणारं पाणी असतं आणि ते टँकमध्ये नाहीये याचं खरंच समाधान वाटतं. नवीन स्किमर पहिले एक-दोन आठवडे वेड्यासारखा फेस काढतो किंवा काहीच काढत नाही, घाबरून परत करू नका, त्याच्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा जाऊ द्या. घेताना दोनच गोष्टी बघा, तुमच्या संपमध्ये तो उंचीला बसतो का, आणि त्याला किती इंच पाणी लागतं, बहुतेकांना सहा ते आठ इंच आणि ते स्थिर. ६०-७० लिटरचा टँक असेल तर स्किमर न घेता दर आठवड्याला नेमाने पाणी बदललं तरी भागतं.

एटीओ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, लोकांना चैन वाटते, मला ती गरज वाटते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. १२० लिटरमधून दिवसात ४ लिटर उडालं तर ३५ चं ३६ च्या वर जातं, संध्याकाळी तुम्ही एकदम ४ लिटर ओतलं की परत खाली, कोरलला रोज हा झोका. एटीओ थोडं थोडं आरओडीआयचं पाणी सोडत राहतो. फक्त त्याचा डबा १० लिटरचाच ठेवा. कारण सेन्सर अडकला आणि अख्खा डबा टँकमध्ये गेला तरी खारटपणा साडेबत्तीसच्या आसपास येतो, सगळे वाचतात. तेच ५० लिटरचा ड्रम जोडलेला असेल तर २५ वर जातं आणि हॉलमध्ये पाणी ते वेगळंच. सुट्टीवर जाताना मोठा ड्रम जोडायचा मोह होतो, त्यापेक्षा शेजाऱ्याला किल्ली देऊन दर दोन दिवसांनी डबा भरायला सांगा.

वायरिंगबद्दल थोडक्यात पण कळकळीने. खारं पाणी वीज छान वाहून नेतं. टँकच्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, अर्थिंग खरंच आहे का तपासायला सांगा, जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. बोर्ड कपाटात खाली नको, बाजूला उंचावर, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलावरून टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम टँकमध्ये पाणी भरायच्या आधी.

आता शेवटी एलईडी, जिथून तुम्ही सुरुवात करणार होतात. गोड्या पाण्याची पांढरी एलईडी नको, निळा हवा, ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, कोरलच्या अंगातलं शेवाळ तोच चांगला वापरतं. मऊ कोरलला ५० ते १०० पार (कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतं, ज्यांना ३०० लागतं ते कोरल आपण ठेवतच नाहीये. ब्राइटनेस कमी-जास्त करता येणारी, टायमर असलेली आणि पंखा बदलून मिळणारी घ्या, कारण एलईडीचा बल्ब जात नाही, पंखा मिठाने जाम होतो. सुरुवात ३०-४० टक्क्यांवर, आठ तास, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. फुल्लवर लावलीत तर पहिल्या महिन्यात तपकिरी शेवाळाची गादी आणि कोरल आकसलेला.

टेस्ट किट सगळे एकदम घेऊ नका, एक्सपायरी असते. सुरुवातीला अमोनिया आणि नायट्राइट, टँक सायकल होईपर्यंत, म्हणजे बॅक्टेरिया बसून हे दोन्ही शून्यावर येईपर्यंत, त्याला चार ते सहा आठवडे धरा. मग अल्कलिनिटी, ८ ते ९ डीकेएच, आणि नायट्रेट, फॉस्फेट. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, पण मऊ कोरलवर असताना ते पाणी बदलण्यातूनच भागतं.

आणि नवीन मासे आधी वेगळे ठेवायला एक क्वारंटाइन टँक, ४० लिटरचा साधा, स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे लपायला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मेन टँकमध्ये शिरला तर सगळे मासे काढून तो अडीच महिने बिनमाशाचा ठेवावा लागतो, कारण तांब्याचं औषध तिथे टाकता येत नाही, कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळं मरतं. क्वारंटाइनची बादली, जाळी, पाईप मेन टँकला कधीच लावू नका, त्यांच्यावर लाल टेप गुंडाळा.

विजेचा हिशोब घरच्यांसमोर आधीच मांडा, नंतर बिल आल्यावर वाद नकोत. माझ्या टँकचं सांगतो, एलईडी ९० वॉट नऊ तास, पंप आणि वेव्हमेकर आणि स्किमर मिळून ५० वॉट चोवीस तास, चिलर २०० वॉट दिवसाला दहा तास धरला, तर रोज साधारण ४ युनिट, महिन्याला १२०. मे मध्ये जास्त, जानेवारीत बरंच कमी.

घ्यायचा क्रम सांगायचा तर पहिल्या महिन्यात टँक, स्टँड, संप, रिटर्न, आरओडीआय आणि आरसीसीबी. मग चिलर, वेव्हमेकर, बॅटरीचा पंप, रिफ्रॅक्टोमीटर, मीठ. मग रॉक आणि वाळू घालून सायकल, तेव्हा एलईडी लागतच नाही, अंधारात बॅक्टेरिया चांगले वाढतात आणि शेवाळ येत नाही. तोपर्यंत एलईडीचे पैसे साठतात. सेकंड हँड घ्यायचं असेल तर टँक, स्टँड, स्किमर बिनधास्त घ्या, चिलर मात्र अर्धा तास चालवून पाणी खरंच किती उतरतं ते थर्मामीटरने बघितल्याशिवाय नको, आणि ज्या टँकमध्ये आधी तांब्याचं औषध वापरलंय तो फुकट मिळाला तरी नको.

साध्या पाण्याने सगळं भरलं की मीठ घालायच्या आधी एका रविवारी मेन स्विच बंद करा, कपाट उघडून स्टूल घेऊन समोर बसा आणि संपमधली पातळी कुठपर्यंत चढते, गुळ्ळ आवाज येतो का, बॅटरीचा पंप चालू होतो का ते बघा. दहा मिनिटांनी स्विच चालू करा आणि सगळं न हात लावता परत सुरू होतंय का तेही बघा. तीन वेळा करा. खाली टॉवेल टाकून ठेवा.